जुनी स्कॉर्पिओ, सफारी घरच्या घरी सांभाळताना: कामे, खर्च आणि कागदपत्रे

दहा-पंधरा वर्षांची स्कॉर्पिओ, सफारी किंवा त्याच मापाची दुसरी डिझेल एसयूव्ही दारात असेल, तर दरवर्षी दोन प्रश्न पडतात. गाडीवर किती पैसे घालायचे? आणि त्यातले कोणते काम स्वतः करता येईल? थोडक्यात उत्तर असे: ऑइल, फिल्टर, कूलंट, बॅटरी, ग्रीसिंग आणि तपासणी घरी करा. ब्रेकच्या पाइपलाइनचे काम, स्टिअरिंग, डिझेलची हाय-प्रेशर लाइन आणि एअरबॅग यांना हात लावू नका. एवढी शिस्त पाळली तर नेहमीची देखभाल वर्षाला सात-आठ हजारांत बसते. पार्ट आणि मजुरीचे दर खाली दिले आहेत, ते शहरांतले साधारण दर आहेत. ब्रँड आणि गावाप्रमाणे ते बदलतील.

आधी आरसीवरची तारीख बघा

पाना हातात घेण्यापूर्वी आरसी काढा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर पुन्हा पासिंग करून दर वेळी पाच वर्षे वाढवून घ्यावी लागते. पासिंगला वर्ष-दीड वर्ष उरले असेल आणि मेकॅनिक क्लच, सस्पेन्शन, टायर असा साठ-सत्तर हजारांचा खर्च सांगत असेल, तर आधी चेसिसची तपासणी करून घ्या. या गाड्यांची बॉडी वेगळ्या चेसिसवर बसवलेली असते. बॉडीचा पत्रा बदलता येतो; चेसिस सडली असेल तर मोठा खर्च वाया जातो.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, पालघर अशा किनारी भागांत गाडी राहिली असेल तर ही तपासणी चुकवू नका. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चेसिसवर जागोजागी ठोका. आवाज बोदा आला किंवा पापुद्रे निघाले, तर वेल्डिंगवाल्याकडे नेण्याआधी जाणकार मेकॅनिकचे मत घ्या.

हत्यारे: एकदाच होणारा खर्च

पहिला पैसा सुरक्षेवर घाला. ही गाडी दोन टनांच्या आसपास भरते. गाडीबरोबर आलेला जॅक फक्त स्टेपनी बदलण्यासाठी असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक लावूनही नाही. ते दाबाखाली अचानक फुटतात.

लागणारे सामान असे:

- तीन टनी जॅक स्टँडची जोडी: १,५०० ते ३,००० रुपये
- हायड्रॉलिक जॅक: १,२०० ते ३,००० रुपये
- गोटी पान्यांचा सेट: १,५०० ते ४,००० रुपये
- टॉर्क रेंच: २,००० ते ४,००० रुपये
- मल्टिमीटर: ३०० ते ८०० रुपये
- ग्रीस गन: ६०० ते १,२०० रुपये
- ऑइल काढायचा ट्रे, नरसाळे, हातमोजे, चाकाला लावायचे लाकडी ठोकळे: ५०० ते ८०० रुपये

म्हणजे साधारण आठ ते सतरा हजार. सगळे एकदम घेऊ नका. स्टँड, जॅक आणि गोटी सेट आधी; टॉर्क रेंच चाके खोलायची वेळ येईल तेव्हा.

स्कॅनर घ्यायचा असेल तर गाडीचे वर्ष बघा. भारतात गाड्यांना ओबीडी-२ यंत्रणा एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या गाडीवर पाचशे-हजाराचा ब्लूटूथ स्कॅनर चालेलच असे नाही. परत करण्याची सोय असेल तिथूनच घ्या. स्कॅनरने कोड वाचा आणि लिहून ठेवा. नुसता कोड पुसून दिवा घालवला तर बिघाड तसाच राहतो.

जागा सपाट आणि पक्की हवी. उतारावर किंवा मातीवर गाडी उचलू नका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल तर आधी विचारा. फरशीवर ऑइल सांडले तर सफाईचा खर्च तुमच्याच नावावर येईल.

घरी करण्याची कामे

*इंजिन ऑइल आणि फिल्टर.* वेळ दीड तास. खर्च ३,००० ते ४,५०० रुपये. या मापाच्या २.२ लिटर डिझेल इंजिनाला साधारण सहा-सात लिटर ऑइल लागते. नेमका आकडा आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये बघा. दुकानदार सांगतो म्हणून ग्रेड बदलू नका. इंजिन दहा मिनिटे चालवून बंद करा, ऑइल कोमट असताना चेंबरचा ड्रेन नट खोला, पंधरा-वीस मिनिटे निथळू द्या. नटाचा वॉशर दर वेळी नवा घाला. तो दहा-तीस रुपयांना मिळतो आणि त्याच्याचमुळे पुढची गळती टळते. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइल चोळा. नवे ऑइल भरल्यावर इंजिन दोन मिनिटे चालवा, खाली गळती बघा, बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक तपासा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. 'थोडे जास्त असले तर बरे' हा समज चुकीचा आहे. जास्त ऑइलने सील फुटतात. डिझेल इंजिनात नवे ऑइल काही दिवसांतच काळे पडते. रंग बघून 'ऑइल खराब झाले' म्हणणाऱ्याचे ऐकू नका. किलोमीटर आणि महिने मोजा.

*एअर फिल्टर.* वेळ पंधरा मिनिटे. खर्च ४०० ते ९०० रुपये. फक्त क्लिपा काढायच्या. धुळीच्या रस्त्यावर, उसाच्या हंगामात किंवा खडी-वाळूच्या वाहतुकीच्या पट्ट्यात गाडी फिरत असेल तर मुदतीआधीच बदला. हवा मारून तोच फिल्टर वर्षानुवर्षे वापरला तर कागद फाटतो आणि धूळ थेट टर्बोत जाते. टर्बोचा खर्च वीस हजारांच्या पुढे असतो.

*डिझेल फिल्टर.* वेळ पाऊण तास. खर्च ७०० ते २,००० रुपये. बहुतेक फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तो सैल करून पाणी काढा. फिल्टर बदलल्यावर हातपंपाने हवा काढल्याशिवाय स्टार्टर मारत बसू नका. बॅटरी बसते आणि स्टार्टरही जातो. हातपंप कुठे आहे हे आधी शोधा आणि मगच जुना फिल्टर काढा.

*कूलंट.* वेळ दोन तास. खर्च १,२०० ते २,००० रुपये, साधारण दोन वर्षांतून एकदा. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण उघडू नका. उकळते पाणी अंगावर उडून गंभीर भाजते. कॉन्सन्ट्रेट घेतले तर निम्मे डिस्टिल्ड वॉटर घाला. तयार मिसळलेले घेतले तर पाणी घालू नका. डब्यावर नीट वाचा. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार बसतात. वेगवेगळ्या रंगांची कूलंट एकत्र करू नका. कसारा, खंबाटकी किंवा आंबा घाटात गाडी गरम होत असेल तर आधी होज पाइप, त्यांच्या क्लिपा, रेडिएटरची जाळी आणि पंखा बघा. मऊ पडलेला किंवा फुगलेला होज दोन-चारशे रुपयांत बदलता येतो. तो घाटात फुटला आणि गाडी तशीच रेटली तर हेड गॅस्केटचे काम निघते. तो खर्च पंधरा ते तीस हजार.

*बॅटरी.* वेळ वीस मिनिटे. खर्च ६,००० ते ९,००० रुपये, साधारण तीन-चार वर्षांतून एकदा. बदलण्याआधी मोजा. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले नाहीत तर दोष बॅटरीचा नाही, अल्टरनेटरचा असू शकतो. अशा वेळी नवी बॅटरीही महिन्यात बसेल. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. जुनी बॅटरी देऊन नवी घेताना जुनीचे पैसे बिलात वेगळे दाखवायला सांगा.

*ग्रीसिंग.* वेळ एक तास. खर्च २०० ते ३०० रुपये. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला निपल असतील तर जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरा. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचा शाफ्ट विसरू नका. खोल पाण्यातून गाडी काढली असेल तर मुदतीची वाट न बघता ग्रीस मारा आणि गिअर बॉक्स, मागच्या हाउसिंगच्या ऑइलमध्ये पाणी शिरले का ते तपासून घ्या. ऑइल दुधाळ दिसले तर लगेच बदला.

*ब्रेक आणि टायरची तपासणी.* चाक काढून पॅडची जाडी बघा. तीन मिलिमीटरच्या खाली गेली की बदला. पुढच्या पॅडची जोडी १,५०० ते ३,५०० रुपयांना येते. पॅड बदलणे घरी जमते, पण पहिल्यांदा अनुभवी माणसाच्या शेजारी उभे राहून करा. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली कायद्यानेच चालत नाही. टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का बघा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. 'नवा' म्हणून विकलेला टायर दोन-तीन वर्षे गोदामात पडून असेल तर नाकारा.

ही कामे घरी करू नका

- इंजेक्टर, हाय-प्रेशर पंप, कॉमन रेलचे पाइप. आत हजार बारहून अधिक दाब असतो. बारीक धारही कातडीतून आत शिरते.
- ब्रेकची पाइपलाइन, मास्टर सिलिंडर, ब्लीडिंग. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलून घ्या. मजुरीसह ६०० ते १,२०० रुपये.
- स्टिअरिंग रॉड, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट. ढिलाई तुम्ही तपासा, काम मेकॅनिकला द्या आणि लगेच अलाइनमेंट करून घ्या.
- सस्पेन्शनची कॉइल स्प्रिंग. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जातो.
- एअरबॅग आणि तिचे वायरिंग.
- एसीचा गॅस. दर उन्हाळ्यात १,५०० ते २,५०० रुपये देऊन गॅस भरत असाल तर कुठेतरी गळती आहे. आधी लीक टेस्ट मागा, मग गॅस.

पार्ट कुठे आणि कसे घ्यावेत

मुंबईत ऑपेरा हाऊसचा बाजार, पुण्यात नाना पेठ ही पार्टची जुनी ठिकाणे. वापरलेल्या पार्टसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. इंजिनाचे मशिनिंग करायचे असेल तर कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर त्या कामासाठी ओळखले जाते. गावात असाल तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या कंपनी डीलरच्या पार्ट काउंटरला फोन करा. गाडी तिथे दुरुस्तीला न नेताही पार्ट विकत मिळतो.

दुकानात मॉडेलचे नाव सांगून थांबू नका. १७ अक्षरी चेसिस नंबर द्या आणि पार्ट नंबर काढून घ्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणे फिल्टर, पॅड आणि बुश बदललेले असतात. पाकिटावर पार्ट नंबर, उत्पादनाची तारीख, एमआरपी आणि होलोग्राम किंवा क्यूआर कोड बघा. 'ओरिजिनलच आहे, फक्त खोका नाही' असे म्हटले तर घेऊ नका. फिल्टर, ब्रेक पॅड, बेअरिंग आणि बेल्ट कधीही जुने घेऊ नका. आरसे, दिवे, दाराचे हँडल, सीटचे भाग जुने घेतले तरी चालतात.

बिलात लपलेले पैसे

एमआरपीमध्ये सर्व कर धरलेले असतात. एमआरपीवर पुन्हा जीएसटी लावणे बेकायदा आहे; बिलात तसे दिसले तर तिथेच थांबा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. त्याआधी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. आजच्या बिलात २८ दिसला तर ते चूक आहे. बिलावर जीएसटी नंबर नसेल तर गॅरेजला जीएसटी घेताच येत नाही.

या नोंदींवर बोट ठेवा: 'कन्झ्युमेबल्स', इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंगची बाटली, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग. यातल्या एकेकाचे दोनशे ते चार हजार होतात आणि बरेचदा तुम्हाला विचारलेलेही नसते. गाडी देताना सांगा: लेखी किंवा व्हॉट्सॲपवर अंदाज द्या, त्याबाहेरचे काम विचारल्याशिवाय करू नका, काढलेले जुने पार्ट परत द्या. जुने पार्ट मागणाऱ्या ग्राहकाचे बिल सहसा सरळ येते.

कोटिंग करून घेताना चेसिस नंबरची जागा मोकळी ठेवायला सांगा. नंबर कोटिंगखाली दबला किंवा वेल्डिंगमध्ये गेला तर पासिंगला मोठा त्रास होतो. गाडीला बुल बार असेल तर काढून टाका. केंद्र सरकारने २०१७ मध्येच त्यावर बंदी घातली आहे. कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल केल्यास एका बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

पासिंग आणि इतर कागदपत्रे

*नोंदणीचे नूतनीकरण.* मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत परिवहन संकेतस्थळावर अर्ज करा. लागणारी कागदपत्रे: फॉर्म २५, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, आधार, पॅन, चेसिस नंबरची पेन्सिल छाप, शुल्काची आणि पर्यावरण कराची पावती. मग गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. १५ ते २० वर्षांच्या चारचाकीला शुल्क ५,००० रुपये. २० वर्षांवरील गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये. उशीर झाला तर दरमहा ५०० रुपये जादा. पर्यावरण कर वेगळा. त्याची रक्कम अर्ज भरताना दिसते. थकलेली ई-चलाने आधी भरा. बँकेचे कर्ज फिटले असेल पण आरसीवर बोजा तसाच असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवा. एजंट याच कामाचे तीन-पाच हजार जास्त घेतात; अर्ज आणि शुल्क तुम्ही स्वतः ऑनलाइन भरू शकता.

*नंबर प्लेट.* १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट लागते. महाराष्ट्रात चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे सुमारे ८७९ रुपये. शासनाने नेमलेल्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच वेळ घ्या. सारख्या नावाच्या बनावट साइट आहेत. घरी येऊन बसवायची सेवा मागितली तरच जादा पैसे.

*पीयूसी.* बीएस-४ आणि त्यापुढच्या गाडीला एक वर्ष, त्याआधीच्या गाडीला सहा महिने. नसेल तर दहा हजारांपर्यंत दंड. काळा धूर येत असेल तर पीयूसीला जाण्याआधी एअर फिल्टर बदला. साधा उपाय आहे आणि पुष्कळदा तेवढाच पुरतो.

*विमा.* १५०० सीसीवरील खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ७,८९७ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ९,३१८ रुपये. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा तुमच्याकडे आधीच असेल तर तो पुन्हा घ्यायची गरज नाही; एजंटला तसे सांगा.

वर्षाचा हिशेब

ऑइल आणि फिल्टर ३,५००; एअर आणि केबिन फिल्टर ९००; डिझेल फिल्टर १,२००; कूलंटचा वर्षाचा वाटा ८००; ब्रेक ऑइलचा वाटा ४००; ग्रीस ३००; वायपर ५००. एकूण सुमारे ७,६०० रुपये. याशिवाय विमा आणि पीयूसी. टायरच्या चार नगांना ३०,००० ते ४०,००० रुपये लागतात. पाच वर्षे धरली तर वर्षाला सहा-आठ हजार बाजूला टाका. क्लच, बुश, शॉकअप अशा मोठ्या कामांसाठी वर्षाला आणखी वीस हजार राखून ठेवा. ते एखाद्या वर्षी लागणार नाहीत, पुढच्या वर्षी एकदम लागतील.

काढलेले ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका. डब्यात साठवा आणि अधिकृत रिसायकलरला ऑइल देणाऱ्या सर्व्हिस स्टेशनवर पोहोचवा.

एक वही ठेवा: तारीख, किलोमीटर, काम, पार्ट नंबर, रक्कम. बिले त्याच वहीत लावा. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. दोन्हीकडे पहिली मागणी बिलाचीच होते. म्हणून दोनशे रुपयांचा फिल्टर घेतलात तरी पक्के बिल घ्या.